कुत्र्यामार्फत दिलेली साक्ष

ज्या दिवशी कोर्ट कॉकल पॉइंटला आलं, त्याच सकाळी मगरीने कोर्टाची होडी खाल्ली.

सगळी नाही खाल्ली. मगर तशी विचारी होती, तिने फक्त डावी बाजू खाल्ली. पण हवा भरलेल्या रबरी होडीला डावी बाजूच नसली की उजव्या बाजूचा फारसा उपयोग राहत नाही. शहरातून ट्रकवर घालून आणलेली ती करकरीत नारिंगी होडी आता किनाऱ्यावर फुटक्या फुग्यासारखी पसरली होती. अख्खं गाव तिच्याभोवती गोल करून उभं होतं आणि हसू येऊ नये म्हणून प्रत्येक जण आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"मी सांगितलं होतं," क्लॅरी आजोबा म्हणाले. "काल त्या होडीवाल्या साहेबाला म्हटलं, ही वर ओढून ठेव, रात्री म्हातारी फिरते. त्याला वाटलं मी माझ्या बायकोबद्दल बोलतोय."

"मग?"

"मग काय? म्हणाला, त्यांना हवं तर बसू द्या होडीत."

इथे मात्र गावाचा धीर सुटला. पोटं धरून लोक वाळूत बसले. हसला नाही तो एकटा डेल्विन. तो क्लॅरी आजोबांचा नातू. त्याच्या डोक्यात एक विचार हळूहळू वर येत होता, आणि तो वर येऊ नये म्हणून तो दोन्ही हातांनी टोपी दाबून उभा होता.

विचार असा होता: कोर्टाची होडी गेली. म्हणजे राहिली ती माझी. म्हणजे जज्जबाई माझ्या होडीत. म्हणजे साक्षीदारही माझ्या होडीत.

आणि साक्षीदार होती त्याची सासू.

सासूचं नाव या गोष्टीत येणार नाही. कोर्टाच्या कागदांवर ते होतं, गावात सगळ्यांना माहीत होतं, पण डेल्विनने लग्न झाल्यापासून ते उच्चारलेलं नव्हतं आणि ही गोष्ट डेल्विनच्या बाजूने चालली आहे. त्याने तिचं तोंडही बघितलेलं नव्हतं, तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. भांडण अजिबात नव्हतं. उलट, मासे मिळाले की सगळ्यात चरबीदार तुकडा पहिल्यांदा तिच्या घरी जायचा. जावयाने सासूला द्यायचा मान हाच: ती दुकानात शिरली की तो मागच्या दाराने बाहेर. दुकानाला मागचं दार नव्हतं तेव्हा तो एकदा खिडकीतून गेला होता. गावाने वर्गणी काढून मागे दार करून घेतलं.

"दुसरा कुणीतरी चालवेल," डेल्विन बायकोला, रोझालीला म्हणाला.

"कोण?" रोझाली म्हणाली. तिचे दिवस भरत आले होते आणि पोटावर चहाचा मग ठेवून ती हे सगळं बघत होती.

"माझा भाऊ."

"तो कोण माझ्या आईचा?"

भावाची सासू ती आपलीही सासू, चुलतभावाची तीही आपलीच. कॉकल पॉइंटच्या कायद्यात यात सूट नाही. समुद्रातल्या वाळूच्या दांड्यापर्यंत खडकांमधून होडी नेऊ शकेल असा गावातला एकूण एक माणूस एकाच बाईचा जावई होता. एवढी तयारी केली, तंबू ठोकले, जज्जबाईंसाठी पाय न मोडणारी खुर्ची शोधली, पण हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. सासू कोर्टाच्या होडीतून जाणार असं ठरलं होतं. मगरीला कुणी विचारलं नव्हतं, आणि होडीवाला साहेब आता दुसऱ्या कुठल्याही होडीत पाय ठेवायला तयार नव्हता.

"आजोबा आहेत की," डेल्विन शेवटचा उपाय म्हणून म्हणाला.

"आजोबांनी गेल्या वेळी होडी काढली तेव्हा ती शाळेच्या अंगणात जाऊन थांबली होती," रोझाली म्हणाली.

"भरती होती त्या दिवशी," क्लॅरी आजोबा म्हणाले.

"मग पुढच्या ओहोटीला जाऊ," डेल्विन म्हणाला.

"एवढं पाणी उतरणारी ओहोटी आता पुढच्या वर्षी," रोझाली म्हणाली. "तोपर्यंत जज्जबाई थांबतील?"

जज्जबाई थांबणार नव्हत्या. हा दावा आधीच एकदा वादळामुळे, एकदा पुरामुळे आणि एकदा जज्जबाईंच्या गुडघ्यामुळे पुढे गेला होता. दावा साधा होता: ही जमीन आणि हे पाणी पूर्वापार आमचं आहे, ते सरकारने कबूल करावं. त्यासाठी एवढंच सिद्ध करायचं होतं, की आम्ही अजून आमच्याच कायद्याने वागतो. जमिनीबद्दल सरकारने जवळजवळ मान डोलावली होती. अडलं होतं ते पाण्यावर. दांड्यापाशी समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचा झरा वर येतो, आणि आजच्या ओहोटीत तो कोर्टाला डोळ्यांनी दाखवायचा होता. तो झरा सासूच्या आईचा, मग सासूचा, पुढे रोझालीचा आणि त्यानंतर रोझालीच्या पोटात जे कुणी लाथा मारत होतं त्याचं किंवा तिचं. पण तोच दांडा एका कंपनीला हवा होता. तो खणून खोल करायचा आणि खनिजाची जहाजं उभी करायची, असा त्यांचा बेत होता.

आणि हे पाण्याचं घोडं अडवलं होतं डेल्विननेच.

गेल्या वर्षी तंबूत त्याची साक्ष झाली. सरकारचे वकील श्री. क्रॅनस्टन यांनी विचारलं, "दांड्यापाशी झरा आहे म्हणतात. तुम्हाला त्याची गोष्ट माहीत आहे?" डेल्विन म्हणाला, "नाही." वकिलांनी विचारलं, "जागा तरी माहीत आहे?" तो म्हणाला, "नाही." गावातल्या प्रत्येकाला हे उत्तर बरोबर वाटलं. झरा बायकोच्या घरचा. त्याच्याबद्दल जावयाने तोंड उघडायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्यांच्याच पाहुण्यांना चहा विचारण्यासारखं. संध्याकाळी लोकांनी त्याची पाठ थोपटली. गावची वकीलीण ब्रॉनविन तेवढी डोकं धरून गाडीत जाऊन बसली. जन्मभर त्या पाण्यात मासे मारणाऱ्या माणसाला तिथला झरा माहीत नाही, हे सरकारने ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं.

त्या "नाही"ची आठवण आली की डेल्विनला अजून घास उतरत नसे.

"मध्ये ताडपत्री लावू," रोझाली म्हणाली. चहाचा मग वाळूत रिकामा करून तिने तो त्याच्या हातात दिला. "आई पुढे बसेल. तू मागे इंजिनापाशी. मधे कोर्ट."

"आणि बोलायचं कसं? वादळानंतर खडकांतली वाट बदलली आहे. आता ती वाट त्यांनाच माहीत."

रोझालीने इकडेतिकडे पाहिलं. खाण्याचा वास लागला की हजर आणि काम निघालं की गायब, असा एक तांबडा कुत्रा गावात होता. त्याचं नाव मिनिस्टर. तो फुटक्या नारिंगी होडीवर तंगडी वर करत होता.

"मिनिस्टरला घेऊन जा," ती म्हणाली.

*

सासूने निघण्याआधी ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर ओतलं आणि दांड्याच्या दिशेने मोठ्याने हाका मारून जुन्या माणसांना, म्हणजे गेलेल्या पूर्वजांना, सांगितलं की ही नवी मंडळी येत आहेत, यांना बुडवू नका. हे डेल्विनने सुरूच्या झाडामागे उभं राहून ऐकलं. न्यायमूर्ती पेल्हॅमबाईंच्या कानातून पाणी निघालं तरी त्या हलल्या नाहीत. श्री. क्रॅनस्टन यांच्या वाट्याला दोन ओंजळी आल्या. जुन्या माणसांना त्यांची ओळख जरा जास्त करून द्यावी लागेल, असं सासूचं मत पडलं.

मग सासू डोक्यावर टॉवेल घेऊन होडीच्या पुढच्या टोकाला बसली. तिच्या मागे दोन वल्ही उभी बांधून निळी ताडपत्री ताणली. ताडपत्रीच्या अलीकडे जज्जबाई, ब्रॉनविन, क्रॅनस्टन आणि कोर्टाचा स्टेनो. हा स्टेनो एक टकलू, घामाघूम गृहस्थ होता आणि आपलं यंत्र त्याने तान्ह्या मुलासारखं पोटाशी धरलं होतं. सगळ्यात शेवटी डेल्विन आला, उलटा चालत, आणि इंजिनापाशी बसला. मिनिस्टरने ताडपत्रीखाली अगदी मधोमध जागा धरली. तोंड सासूकडे, शेपूट जावयाकडे.

पत्र्याची होडी किनाऱ्यावरून सुटली तेव्हा गावाने अशी आरोळी ठोकली की झाडांवरचे काकाकुवे उडाले.

"मिनिस्टर," ताडपत्रीपलीकडून आवाज आला, "डावीकडे घे."

कुत्र्याने काहीच घेतलं नाही. डेल्विनने होडी डावीकडे घेतली. जज्जबाईंनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग डेल्विनकडे.

"मिनिस्टर, एवढी नाही! खडकावर घालतोस का आम्हाला?"

"मिनिस्टर," डेल्विन कुत्र्याच्या शेपटाला म्हणाला, "त्यांना सांग, समोर ताडपत्री आहे, मला काही दिसत नाही."

"मिनिस्टर, ताडपत्री कुणाच्या बायकोने लावली ते विचार."

"मिनिस्टर, ती कुणाची मुलगी तेही विचार."

पलीकडून टॉवेलात तोंड खुपसून कुणीतरी हसत असल्यासारखा आवाज आला. डेल्विनचे कान लाल झाले. जावयाला एवढं बोलायला परवानगी आहे का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. कुत्र्यामार्फत होतं म्हणून निभावलं.

स्टेनोने घसा खाकरला. "बाईसाहेब, हे लिहून घ्यायचं?"

"साक्षीदार बोलते आहे, म्हणजे घ्यायलाच हवं," जज्जबाई म्हणाल्या.

"पण कुणाला उद्देशून म्हणून लिहू?"

जज्जबाईंनी विचार केला. "कुत्र्यास."

"हरकत आहे," क्रॅनस्टन म्हणाले. "कुत्र्याने शपथ घेतलेली नाही."

"कुत्र्याने अजून काही म्हटलेलंही नाही," ब्रॉनविन म्हणाली.

"मिनिस्टर, उजवीकडे! उजवीकडे, उजवीकडे, आता सरळ!"

होडी दोन काळ्या खडकांमधून सुळकन निघाली. दोन्हीकडून हात लांबवला असता तर कालवं काढता आली असती. जज्जबाईंचा गुडघा क्रॅनस्टनच्या बरगडीत गेला, स्टेनोने डोळे मिटून यंत्र बडवणं चालू ठेवलं, आणि डेल्विन एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वाकून बघत, कुत्र्याला मिळालेले हुकूम पाळत इंजिन वळवत होता. बाराही महिने तो याच पाण्यात होडी चालवायचा, पण आज होडीत अख्खं कोर्ट होतं, पोटातल्या पोराचा झरा होता आणि पुढे टॉवेलाखाली त्या बसल्या होत्या. त्याला भीती वाटायला हवी होती. पण वाटत होतं ते असं, की इंजिनाला आणखी थोडा जोर असता तर बरं झालं असतं.

एकच गोष्ट वाईट होती. खडकांना चिकटलेल्या शेवाळाची शेपटं आता किनाऱ्याच्या दिशेने वळू लागली होती. ओहोटी संपून पाणी फिरलं होतं. मगरीने डावी बाजू खाल्ली होती ती खाल्लीच, वर ताडपत्री बांधायला लावून वेळही खाल्ला होता.

"मिनिस्टर, हळू," आवाज आला. "आणखी हळू. बस. इथे."

डेल्विनने इंजिन बंद केलं. होडी डुलत उभी राहिली. दांड्याची पाठ जेमतेम पाण्याबाहेर होती, आणि बघता बघता तीही आत गेली. चहूकडे समुद्र. नुसता समुद्र.

"इथे म्हणजे कुठे?" क्रॅनस्टन म्हणाले.

"तुमच्या बुडाखाली," पलीकडून उत्तर आलं. वकील जावई नव्हते, त्यामुळे त्यांना सरळ उत्तर मिळण्याची सोय होती. "ओहोटी पुरी असती तर डोळ्यांनी दिसलं असतं, वाळूतून बुडबुड वर येतं. आता पाणी चढलं. आम्ही उशिरा आलो."

"म्हणजे आता दाखवता येणार नाही?"

"आता नाही दिसणार."

क्रॅनस्टन वाईट माणूस नव्हते. सकाळी त्यांनी क्लॅरी आजोबांना स्वतःच्या डब्यातलं सँडविच दिलं होतं. पण ज्याच्याकडून फी घ्यायची त्याची बाजू मांडायची, हा त्यांचा कायदा होता आणि तो ते पाळत होते.

"नोंद व्हावी," ते म्हणाले, "की सांगितलेल्या जागी आल्यावर खाऱ्या पाण्याशिवाय काहीही दिसलं नाही. किनाऱ्यावर या लोकांच्या चालीरीती आहेत, हे सरकारला मान्य आहे. पण ओहोटीच्या रेषेपलीकडे यांचा कुठला कायदा शिल्लक आहे, याचा पुरावा आजही मिळालेला नाही. इथे हे इतर कोणाही मासेमाऱ्यांसारखेच आहेत. इंजिन आणि नायलॉनचं जाळं. मी या जागेचा एक फोटो घेतो."

स्टेनोचं यंत्र टकटकत होतं. त्या प्रत्येक टकटकीबरोबर डेल्विनला वाटत होतं की कुणीतरी झऱ्यावर दगड रचतंय. रोझालीला काय सांगायचं? पोराला पुढे काय सांगायचं, इथे तुझं पाणी होतं, त्यावर आता जहाज उभं आहे?

क्रॅनस्टन फोटोसाठी उभे राहिले.

लहान होडीत उभं राहू नये, हे कॉकल पॉइंटच्या रांगत्या पोरालाही कळतं. श्री. क्रॅनस्टन मोठ्या शहरात वाढले होते. होडी डावीकडे कलली, ते उजवीकडे झुकले, होडीने त्यांचं ऐकून उजवीकडे कल घेतला, आणि पडता पडता आधाराला म्हणून त्यांनी जे हाताला लागलं ते धरलं. हाताला ताडपत्री लागली.

वल्ही मोडली. ताडपत्री निळ्या लाटेसारखी खाली बसली. पुढच्या टोकाला बसलेल्या बाईने, हे काय झालं म्हणून, मागे वळून पाहायला सुरुवात केली. टॉवेल सरकला. एक कान दिसला. एक गाल दिसू लागला.

डेल्विनने समुद्रात उडी मारली.

विचार करायला वेळच नव्हता आणि त्याने तो घेतलाही नाही. पाण्याचा असा धपाका उठला की जज्जबाई पुन्हा एकदा न्हाल्या. ब्रॉनविन किंचाळली, "मगर!" मिनिस्टरने भुंकून आपलं पहिलं वक्तव्य केलं. स्टेनोने तेही लिहून घेतलं.

डेल्विन वर आला. पाणी छातीपर्यंत होतं. तो होडीकडे पाठ करून उभा राहिला, आणि मग तसाच उभा राहिला. दोन्ही गाल फुगलेले, डोळे वटारलेले, एखाद्या फुगणाऱ्या माशासारखा.

पायाखाली गार होतं. वाळू खालून उकळल्यासारखी हलत होती. आणि तोंडात भरलेलं पाणी गोड होतं.

"श्री. डेल्विन!" जज्जबाई ओरडल्या. "ठीक आहात ना? आधी वर या!"

डेल्विनने मान हलवली. वर म्हणजे त्यांच्या समोर. त्याने हातानेच ताडपत्री लावण्याची खूण केली. ब्रॉनविनने धडपडून ती दोन्ही हातांनी वर धरली. वल्ही मोडली होती, म्हणून दुसरं टोक क्रॅनस्टन यांना धरावं लागलं. सरकारची बाजू एका हाताने ताडपत्री आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा धरून उभी होती. या वेळी गुडघ्यांवर.

डेल्विनने तोंडातलं पाणी गिळलं.

"तुम्ही उडी का मारलीत?" जज्जबाईंनी विचारलं.

"ताडपत्री पडली, बाईसाहेब."

"मग?"

"पलीकडे त्या होत्या."

"पण या पाण्यात मगरी आहेत. आज सकाळीच एकीने आमची होडी फोडली!"

"हो," डेल्विन म्हणाला. "पण मगरीकडे बघायला मला मनाई नाही."

जज्जबाईंनी हसू दाबायला ओठ घट्ट मिटले. ब्रॉनविनच्या हातातली ताडपत्री थरथरू लागली. आता क्रॅनस्टन गप्प बसले असते तर काय झालं असतं कोण जाणे. पण प्रश्न सुचला की तो विचारल्याशिवाय राहणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"पण तुम्हाला इथे बघायला कोण होतं?" त्यांनी विचारलं. "गाव तिकडे किनाऱ्यावर. इथे भर समुद्रात तुमचं कुणी नाही. तुम्ही नुसते डोळे मिटले असते तरी चाललं असतं."

"नियम किनाऱ्यावर बांधून ठेवलेला नाही, साहेब," डेल्विन म्हणाला. तो अजून पाठ करूनच उभा होता आणि पाण्यावरून नजर फिरवत होता, कारण मगरीकडे बघायला मनाई नसली तरी ती आधी दिसलेली बरी. "त्या वाळूत असल्या तर नियम वाळूत. त्या पाण्यात असल्या तर नियम पाण्यात. तो पाण्याला घाबरून मागे थांबत नाही."

लाटा पत्र्यावर चापट्या मारत होत्या. क्रॅनस्टन यांनी हातातल्या ताडपत्रीकडे असं पाहिलं की जणू ती कुणीतरी आत्ताच त्यांच्या हातात दिली आहे.

"माझे प्रश्न संपले," ते क्षीणपणे म्हणाले.

"माझा एक आहे," जज्जबाई म्हणाल्या. "श्री. डेल्विन, तुमच्या तोंडात आत्ता पाणी होतं. ते कसं होतं?"

पुन्हा तोच प्रश्न. पायाखाली झरा गुदगुल्या करत होता. एक शब्द म्हटला की झालं, पाणी वाचलं. पण तो शब्द त्याचा नव्हता.

"ते मला सांगता येणार नाही, बाईसाहेब."

"गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, झरा माहीत नाही. माहीत नाही, की सांगता येत नाही?"

"आमच्यात ते एकच," डेल्विन म्हणाला. "ज्याचं आहे त्याने सांगायचं. ते बोलेपर्यंत बाकी कुणालाच काही माहीत नसतं."

"लिहा," जज्जबाई स्टेनोला म्हणाल्या. "अक्षरशः लिहा."

ताडपत्रीपलीकडे टॉवेल झटकल्याचा आवाज झाला.

"मिनिस्टर," सासू म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज जरासा वेगळा होता, "त्या पाण्यात उभ्या माणसाला हात आहेत का विचार. असले तर म्हणावं, रिकामी बाटली घे आणि खाली जा. मी सांगते आहे म्हणावं. आणि वर येताना तोंडाला अंगठा लाव म्हणावं, नाहीतर अर्धा समुद्र भरून आणशील."

कुणाची तरी बाटली होडीतून उडत आली. डेल्विनने ती झेलली, छाती भरून श्वास घेतला आणि बुडी मारली. खाली हिरवा उजेड होता. वाळूचे कण नाचत होते. त्याने त्या नाचाच्या तोंडावर बाटली धरली. ती हातातच गार पडत गेली. वर येताना त्याला पाण्यातल्या पाण्यात ओरडावंसं वाटत होतं, आणि तो ओरडलाही. बुडबुड्यांशिवाय ते कुणी ऐकलं नाही.

जज्जबाईंनी एक घोट घेतला. मग आणखी एक घेतला. काही न बोलता त्यांनी बाटली क्रॅनस्टन यांच्यापुढे धरली.

क्रॅनस्टन प्यायले. "थोडं मचूळ आहे," ते म्हणाले. आणि बाटली परत न करता पुन्हा प्यायले.

"मचूळ?" पलीकडून गर्जना झाली. "भरतीला मचूळच होतं ते! पुढच्या खेपेला वेळेवर या!"

आणि मग सासूने गोष्ट सांगितली. झरा तिथे कुणी आणला, का आणला, त्याला कुठल्या नावाने हाक मारायची, सगळं. ती गोष्ट काय होती ते इथे येणार नाही, ती आपली नाही. तिने जज्जबाईंना तोंडावर सांगितली, त्यांनी हातातला कागद खाली ठेवून ऐकली. मधेच तिने गाणं म्हटलं आणि होडीखालचं पाणी जरा जास्तच बुडबुडलं, असं स्टेनोने नंतर तीन जणांना शपथेवर सांगितलं. डेल्विन तेवढा वेळ पाठ करून मगरींवर पहारा देत पाण्यात उभा होता.

*

निकाल वाचायला कोर्ट पुन्हा कॉकल पॉइंटला आलं तेव्हा होडी आणली नाही.

सगळं गाव किनाऱ्यावर होतं. पहिल्या रांगेत, पाय न मोडणाऱ्या खुर्चीवर, सासू. त्यामुळे डेल्विन मागे सुरूच्या झाडाआड, पाठ करून, आणि त्याच्या खांद्यावर त्याची आणि रोझालीची मुलगी. तिला नुकताच पहिला दात आला होता आणि ती तो बापाच्या कानावर वापरून बघत होती. वारा समुद्राकडे वाहत होता. जज्जबाईंचा एकही शब्द झाडापर्यंत धड येत नव्हता. "...साक्षीदाराने कुत्र्यामार्फत..." एवढं आलं आणि गाव हसलं. मग बराच वेळ काही नाही. डेल्विनने झाडाची साल नखाने उकरून उकरून पांढरी केली.

"काय म्हणतायत?" त्याने मुलीला विचारलं. तिने कान चावला.

आणि मग किनारा फुटला. दुसरा शब्दच नाही. क्लॅरी आजोबांची टोपी सुरूच्या शेंड्याहून वर गेलेली त्याला दिसली. रोझालीने नंतर सांगितलं की कुणी रडत होतं, कुणी वाळू उधळत होतं, ब्रॉनविन क्रॅनस्टन यांना मिठी मारत होती आणि क्रॅनस्टन, कुठे बघावं ते न कळून, आकाशाकडे बघत होते. पण जमीन मिळाली म्हणूनही लोक एवढेच ओरडले असते. डेल्विन झाडाला धरून उभा राहिला. त्याला वळून बघता येत नव्हतं.

"मिनिस्टर!"

त्या सगळ्या गोंगाटावरून तो आवाज आला. एवढ्या लांबून, एवढ्या जोरात त्यांना बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"मिनिस्टर! त्या झाडामागच्या माणसाला सांग, पाणीसुद्धा! दांडा, झरा, खडक, सगळं! आणि म्हणावं, त्याचं 'माहीत नाही' जज्जबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा!"

मिनिस्टर कुठेच नव्हता. तो स्वयंपाकाच्या तंबूत होता, आणि जे करत होता त्याबद्दल संध्याकाळी त्याला मार बसणार होता. पण निरोप पोचला.

"मिनिस्टर," डेल्विनने समोरच्या रिकाम्या वाळूला सांगितलं, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा सांगितलं, "त्यांना म्हणावं, ऐकलं."

"मग ऐकत काय उभा आहे म्हणावं! सगळे पाण्यात चालले!"

सगळे खरंच चालले होते, सगळ्यांच्या पुढे सासू. कपड्यांसकट, चपलांसकट, जज्जबाई गुडघ्यासकट. डेल्विनने मुलगी नीट खांद्यावर घेतली, तिचं तोंड समुद्राकडे केलं, आणि स्वतः गावाकडे तोंड करून एकेक पाऊल मागे टाकत, उलटा, पाण्यात उतरू लागला.